माघारी गेलेलं हेलिकॉप्टर

लेकीला नोकरी लागली की नेपाळातल्या मुक्तिनाथला जाऊन यायचं, असं माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मनाशी धरलं होतं. भाचीला पुण्यात नोकरी लागली आणि अक्कानं नांदेडहून निघणाऱ्या एका बसमध्ये तीन जागा सांगून टाकल्या. एक तिची, एक दाजींची आणि एक माझी. अक्का दिली देगलूरला. दाजींचं तिथं भांड्यांचं दुकान. मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. एवढ्या लांबच्या वाटेवर शिकलेलं कुणीतरी सोबत असावं, असं अक्काला वाटत होतं. परीक्षा संपल्या होत्या, क्लासला सुट्टी होती. मी हो म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला मुक्तिनाथपेक्षा बर्फाचे डोंगर वरून बघायचे होते.

वरून म्हणजे ड्रोनमधून. तो घेऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तळहातावर मावेल एवढा, घडी घालता येणारा, हलका. रेणापूरला माझ्या सासऱ्यांचं शेत आहे, तिथं मी तो पहिल्यांदा उडवला. तुरीच्या ओळी, विहीर, बांधावरची चार लिंबाची झाडं, सगळं वरून इतकं नीटनेटकं दिसलं की सासरे किती तरी वेळ मोबाइल हातातून सोडेनात. मग ते वेडच लागलं. मांजरा धरण झालं, देगलूरला अक्काच्या घराचं माळवद झालं. ते बघून दाजी म्हणाले, "माझ्या घरावर एवढी अडगळ हाय व्हय?" नांदेडला घाटावरही एकदा उडवला. तिथं विमानतळ गावाला लागूनच आहे. ॲपनं लाल अक्षरात सूचना दाखवली. मी खालचं 'मान्य' दाबलं आणि सूचना गेली. तेव्हापासून सूचना आली की मान्य दाबायचं, ही सवयच झाली.

निघायच्या आधी मी देगलूरला गेलो होतो. दाजींनी बॅग बघितली.

"ते मशीन घेऊन चाललास व्हय? तिकडं चालतंय का ते?"

"नेपाळ काय परदेश हाय का दाजी? पासपोर्ट न्हाई, काई न्हाई. आपल्यासारखंच सगळं."

"तरी इचारून घे की कुणाला."

"इचारलंय," मी म्हणालो.

कुणालाच विचारलं नव्हतं. एकदा मोबाइलवर शोधून बघितलं होतं, एवढंच. परदेशी जाणाऱ्या पर्यटकांसाठी ड्रोनचे नियम, असं काहीतरी ते पान होतं. पहिलंच वाक्य होतं, जिथं जाताय तिथले नियम घर सोडण्याआधी वाचा. त्याखाली बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ठेवाव्या, असं लिहिलं होतं. आम्ही बसनं चाललो होतो. आपल्याला हे लागू नाही, असं म्हणून मी पान बंद केलं. पुढं पुष्कळ होतं. तेव्हा वाचायला फार वेळ लागला नसता.

सीमेवर मात्र मला एकदम धास्ती वाटली. बस थांबली, सामान खाली उतरवा म्हणाले. आपण काही वावगं नेत नाही, अशी माझी खात्री असती तर मी ड्रोन माझ्याच बॅगेत राहू दिला असता. पण मी तो काढला आणि अक्काच्या पिशवीत, धपाट्यांच्या डब्याखाली, तिच्या लुगड्यात गुंडाळून ठेवला. तिला सांगितलं नाही. तपासणाऱ्यानं तिच्या पिशवीकडं बोट करून विचारलं, "माताजी, क्या है?"

"खाने का है बाबा," अक्का म्हणाली आणि डबा उघडून धपाटं त्याच्यापुढं धरलं. तो हसला आणि पुढं गेला. बस सुरू झाल्यावर मी पिशवीतून ड्रोन काढून घेतला, तेव्हा अक्कानं बघितलं. ती खिडकीकडं तोंड करून बसली.

बसमध्ये आमच्या पुढच्या बाकावर एक जोडपं होतं. देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. त्यातले गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, म्हणून सगळी बस त्यांना गुरुजी म्हणायची. घरात तेलुगू, शाळेत आयुष्यभर मराठी. त्यांच्या मंडळींना आम्ही अम्मा म्हणायचो. त्यांचं माहेर हद्दीपलीकडचं, तेलंगणातलं. मराठी समजायचं, पण बोलायला अवघड जायचं. दाजींना तेलुगू चांगलं येतं, दुकानात अर्धी गिऱ्हाइकं तिकडचीच असतात. त्यामुळं पहिल्याच दिवशी ओळख झाली. गुरुजी फार गोड बोलायचे. बस बंद पडली, जेवण उशिरा मिळालं, कुणाचा पाय त्यांच्या पायावर पडला, तरी "पर्वालेदु" म्हणायचे. चालतंय, काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ. दोन दिवसांत सगळी बस पर्वालेदु म्हणू लागली.

ड्रोनचं त्यांना फार कौतुक होतं. "सर, हे आमच्या वेळेला पायजे होतं," ते मला म्हणाले. "भूगोल शिकवताना नदीचं वळण मी फळ्यावर खडूनं काढायचो. पोरास्नी वाटायचं, साप काढलाय."

पोखरा शहरापासून पुढं मोठी बस जात नाही. लहान गाड्यांनी धुळीच्या रस्त्यानं दिवसभर हादरे खात आम्ही मुक्तिनाथच्या पायथ्याच्या गावात पोचलो. तिथं झाडं जवळजवळ नाहीतच. माती आपल्या माळरानासारखी उघडी, आणि तिच्यामागं एकदम बर्फाचा डोंगर. हवा विरळ. दोन जिने चढले की छाती भात्यासारखी चालायची. संध्याकाळी वारा थोडा पडला तेव्हा आम्ही देवळाकडं निघालो आणि मी ड्रोन सोडला. पायऱ्यांवरून आमची माणसं चढताहेत, गुरुजींनी अम्मांचा हात धरलाय. ड्रोनचा आवाज आल्यावर त्यांनी वर बघून दुसरा हात हलवला. अम्मांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. हे सगळं त्यात आलं.

जेवताना गुरुजींचं डोकं दुखत होतं. अम्मांनी दाजींना सांगितलं. हॉटेलवाला म्हणाला, इथं आल्यावर बहुतेकांचं दुखतं, पाणी प्या, लवकर झोपा. गुरुजी म्हणाले, पर्वालेदु.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी एकटाच बाहेर पडलो. डोंगरावर पहिलं ऊन पडतं ते मला घ्यायचं होतं. गावाबाहेर एका भिंतीपलीकडं उंचवटा होता, तिथं जाऊन उभा राहिलो. ॲपवर सूचना आली. मी मान्य दाबलं. खाली डाव्या हाताला एक सपाट मोकळं मैदान होतं, त्यात पांढरे दगड मांडून काहीतरी केलेलं होतं. मला वाटलं पोरांचं खेळायचं मैदान असेल.

शिखरावरून ऊन हळूहळू खाली येत होतं. इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही, आणि हे लिहितानाही मला ते सुंदर होतं असं म्हणावं लागतंय, याचं वाईट वाटतं. मी ड्रोन लांब दरीवर नेला. नुसत्या डोळ्यांनी तो दिसेनासा झाला. मी स्क्रीनवर बघून चालवत होतो.

तेवढ्यात दरीतून आवाज आला. हेलिकॉप्टर खालून वर येत होतं, थेट माझ्या ड्रोनच्या बाजूला. मी घाबरलो. ड्रोन माघारी बोलावला, पण समोरून वारा होता, तो जागच्या जागी थरथरत राहिला. खाली उतरवावा, पडला तर पडू द्यावा, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही असंही म्हणता येणार नाही. सुचलं होतं. तो दरीत गेला असता तर परत मिळाला नसता. मी बोट बटणावर ठेवून वारा कमी व्हायची वाट बघत राहिलो.

हेलिकॉप्टर थोडा वेळ हवेत थांबलं. मग तिरपं झालं, वळलं आणि आलं तसं दरीतून खाली निघून गेलं.

"बरं झालं, गेलं एकदाचं," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. मग वारा थोडा कमी झाला, ड्रोन हळूहळू आला आणि माझ्या पायाशी उतरला. मी त्याची पाती पुसली, घडी घातली आणि चहा प्यायला हॉटेलकडं निघालो.

त्या दगड मांडलेल्या मैदानापाशी गर्दी होती. आमचीच माणसं. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत गुरुजी, अंगाभोवती रजई, तोंडाची एक बाजू खाली ओघळल्यासारखी. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. अम्मा मातीत बसून तो हात चोळत होत्या. पहाटे चहाचा कप त्यांच्या हातातून पडला आणि बोलता येईना, असं अक्कानं मला सांगितलं. हॉटेलवाल्यानं फोन करून हेलिकॉप्टर मागवलं होतं. ते आलं होतं आणि न उतरता गेलं होतं.

हॉटेलवाला फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्यानं माझ्या हातातल्या बॅगेकडं बघितलं. फोन कानापासून बाजूला केला.

"ड्रोन आप उड़ा रहे थे?"

मी मान हलवली.

"पायलट बोल रहा है, सामने ड्रोन था, इसलिए नहीं उतरा. नीचे जोमसोम चला गया." मग तो जे बोलला ते नेपाळीत बोलला. ते मला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. माणसं माझ्याकडं बघत होती. अक्का बघत नव्हती.

"अब तो नीचे रखा है मैंने. बुलाओ ना वापस," मी म्हणालो.

त्यानं परत फोन लावला. थोडा वेळ थांबा म्हणाले. आम्ही थांबलो. मैदानाच्या कडेला काठीवर एक कापड बांधलेलं होतं, ते आधी लोंबत होतं, मग हलायला लागलं, मग आडवं होऊन फडफडायला लागलं. त्या दरीत दिवस चढला की वारा सुटतो आणि मग काही उडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फोन आला, आता जमणार नाही, गाडीनं खाली आणा.

मी मुलांना गती आणि बल शिकवतो. पाव किलोसुद्धा वजन नसलेली वस्तू वेगानं फिरणाऱ्या पंख्यात गेली तर काय होतं, याचं गणित मी फळ्यावर करून दाखवू शकतो. हलकं आहे, त्याला काय होतंय, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलो होतो.

जीपमध्ये मागं गुरुजींना आडवं केलं, डोकं अम्मांच्या मांडीवर. अम्मांशी बोलायला दाजी हवेच होते. मी न विचारता चढलो. हॉटेलवाल्यानं ऑक्सिजनचं नळकांडं दिलं होतं, ते रस्त्याच्या हादऱ्यांनी आपटू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसलो. अक्का आमच्या बसच्या माणसांबरोबर मागं राहिली. निघताना तिनं दाजींच्या हातात पाण्याची बाटली दिली, अम्मांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याशी एवढंच बोलली, "आधीच इचारला असतास तर."

गर्दीत हिंदी-नेपाळीत काय बोलणं झालं ते अम्मांना कळलं नव्हतं. वाटेत दाजींनी त्यांना ते तेलुगूत सांगितलं. माझ्या देखत सांगितलं, आवाज खाली न आणता. मला त्यातला ड्रोन हा एकच शब्द कळत होता आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. अम्मांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या ओरडतील, मला खाली उतरवा म्हणतील, असं वाटलं, आणि त्यांनी तसं करावं असंही वाटत होतं. त्यांनी एक छोटासा प्रश्न विचारला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

"सांगा दाजी."

"कालच्या त्या पिच्चरमधी गुरुजी चालताना दिसतेत का, म्हणून इचारल्या."

मी हो म्हणालो. पायऱ्या चढताना दिसतात, हात हलवताना दिसतात. अम्मांनी मान डोलावली आणि गुरुजींच्या तोंडावरची नळी नीट केली. गुरुजींचे डोळे उघडे होते. ते जीपच्या टपाकडं बघत होते.

जोमसोमच्या दवाखान्यात त्यांना तपासून, इंजेक्शन देऊन पोखऱ्याला हलवायला सांगितलं. तिथंच पोलीस आले. एक अधिकारी, माझ्याच वयाचा. त्यानं ड्रोन मागितला. मी बॅगेसकट दिला. परवानगीचा कागद आहे का, म्हणाला. नाही. सीमेवर सांगितलं होतं का? नाही. हा सगळा भाग राखीव आहे, इथं वेगळी परवानगी लागते, माहीत आहे का? नाही.

"आपके यहाँ भी तो नियम होंगे, सर," तो म्हणाला. रागावून नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "वहाँ भी ऐसे ही उड़ाते हैं?"

वहाँ भी ऐसे ही उड़ाता हूँ, हेच खरं उत्तर होतं.

जबाब लिहून झाला. दंड झाला. दाजींनी हात जोडून सांगितलं की पेशंटबरोबर हा माणूस लागतोय, तेव्हा त्यानं मला जाऊ दिलं. परवानगीचे कागद आणलेत तर ड्रोनबद्दल अर्ज करता येईल, असं तो म्हणाला. मी अर्ज कधीच केला नाही. मात्र दारातून मागं फिरून मी त्याला म्हणालो, आतल्या कार्डावर एक चित्रण आहे, ते काढून घेऊ द्या. त्यानं नकार दिला. पुरावा आहे, हात लावता येणार नाही. नंतर लक्षात आलं की उडवताना मोबाइलवरही त्याची एक प्रत उतरत असते. थोडी पुसट, पण होती.

पोखऱ्याला पोचेपर्यंत अंधार पडला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, जीव वाचेल, पण उजवी बाजू आणि बोलणं यांचं आता सांगता येत नाही. मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, सकाळीच आणलं असतं तर?

"लवकर केव्हाही चांगलंच," ते हिंदीत म्हणाले. "पण किती फरक पडला असता, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

ते मला दिलासा द्यायला तसं बोलले की नाही, कोण जाणे. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्याजवळ राहिलंय. पूर्ण दोष माझा असता तर मी त्याच्यापुढं डोकं टेकवलं असतं. काहीच नसता तर विसरलो असतो. किती आहे तेच कळत नाही, म्हणून सुटका नाही.

गुरुजी वाचले. त्यांचा मुलगा हैदराबादहून विमानानं आला आणि त्यांना घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात महिनाभर राहून ते गावी परतले. उजवा पाय ओढत काठीनं चालता यायला लागलं. हात तसाच राहिला. बोलणं थोडं परत आलं, पण तेलुगू. मराठी गेलं. ज्या भाषेत त्यांनी हयातभर शाळा चालवली, तिच्यातला एक शब्द त्यांच्या तोंडून येईना.

गावी परतल्याचं कळल्यावर मी दाजींना घेऊन त्यांच्या घरी गेलो. मोबाइलमधलं चित्रण दाखवलं. अम्मांनी ते परत परत बघितलं, आणि मी त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिलं. गुरुजींनी एकदाच बघितलं आणि मान फिरवली. नांदेडला व्यायामाच्या उपचारांसाठी न्यावं लागणार होतं आणि मुलगा हैदराबादला परतला होता. मी म्हणालो, मी नेतो. गाडी आहे, सुट्टी गुरुवारची आहे, मला काही अडचण नाही.

मग दर गुरुवारी मी लातूरहून पहाटे निघायचो. देगलूरच्या पुढं जाऊन त्यांना घ्यायचं, नांदेडला आणायचं, उपचार होईपर्यंत बाहेर बाकावर बसायचं, परत सोडायचं आणि लातूर गाठायचं. बायको म्हणायची, एवढी ओढाताण कशाला, त्यांना तिथूनच रिक्षा करून दिली तरी चाललं असतं. मला रिक्षा करून द्यायची नव्हती. गाडी चालवताना मला हलकं वाटायचं. मी त्यांच्याशी बोलायचो, पिकांचं, पावसाचं, क्लासमधल्या मुलांचं. नदीच्या वळणाचा तो फळ्यावरचा साप त्यांना आठवतो का, असंही विचारायचो. गुरुजी काचेबाहेर बघत बसायचे. मला वाटायचं, मराठी बोलता येत नाही म्हणून गप्प आहेत. अम्मा मागून हो हो म्हणायच्या. कधी त्या घरचे लाडू द्यायच्या, ते मी बायकोला दाखवायचो, बघ, त्यांनी दिलेत म्हणून.

त्याच दिवसांत मी ते नियमांचं पान शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्या देशात नेण्याआधी तिथल्या विमान खात्याची परवानगी घ्या. सीमेवर स्वतःहून दाखवा. दुसऱ्याच्या सामानात ठेवू नका. नजरेआड नेऊ नका. विमानतळ आणि हेलिकॉप्टर उतरायच्या जागा आधी बघून घ्या. दुसरं काही उडताना दिसलं तर ताबडतोब खाली उतरवा, यंत्राचा विचार करू नका. एकेक ओळ वाचताना ती माझ्यावरच कुणीतरी लिहिलीय असं वाटत होतं. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. क्लासच्या मुलांना मी याहून अवघड नियम पाठ करायला लावतो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी गुरुजींच्या मुलाचा फोन आला. आमचं याआधी फारसं बोलणं झालं नव्हतं. पोखऱ्याला तो माझ्याकडं बघतही नव्हता. आता मात्र आवाज शांत होता. शुद्ध मराठी, बापाच्या शाळेतलं.

"सर, तुम्ही एवढे महिने केलंत, त्याबद्दल आभारी आहे. पण आता तुम्ही येत जाऊ नका. मी गावातला एक माणूस ठरवलाय."

मी म्हणालो, अहो, मला काही त्रास नाही, तुम्ही असं मानू नका.

"तुमच्या त्रासाचं नाही," तो म्हणाला. "बुधवारी रात्री बाबांना झोप लागत नाही. उद्या तुम्ही येणार म्हणून. त्या दिवशी खुर्चीत बसून त्यांनी ते हेलिकॉप्टर येताना पाहिलं होतं आणि माघारी जाताना पण पाहिलं होतं. तुमचा आवाज ऐकला की त्यांना ते आठवतं. आईनं मला आधीच सांगितलं होतं, पण तुम्हाला कसं सांगायचं म्हणून ती गप्प बसली. तुम्ही एवढ्या लांबून येता, वाईट वाटेल म्हणाली."

म्हणजे इतके गुरुवार मी त्यांना गाडीत बसवून, दार लावून, माझा आवाज ऐकवत होतो. आणि त्यांना तर मला कळेल अशा भाषेत उतरवा म्हणायलाही येत नव्हतं.

"मला कळायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"ठीक आहे सर," तो म्हणाला. "आता कळलं ना."

फोन ठेवल्यावर मी देगलूरला दाजींना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांना ठाऊक असावं, कारण त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"मग तुम्ही मला का न्हाई बोललात?"

"तू ऐकला असतास व्हय?" दाजी म्हणाले. "तुला तिथं जाऊन बरं वाटत होतं. दिसत होतं ते. पण त्यांच्यासाठी म्हणून जायचास का सोतासाठी, ते तुझं तूच बघ. आता सोड त्यांना."

अक्कानं फोन घेतला. मुक्तिनाथहून आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "तुझी भाची आलीय, रविवारी जेवायला ये."

मी रविवारी गेलो. जेवण झालं, भाचीनं पुण्यातल्या गोष्टी सांगितल्या, दाजी मधेच दुकानात जाऊन आले. गुरुजींचा विषय कुणी काढला नाही. त्यांचं गाव तिथून पुढं अर्ध्या तासावर आहे. निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिठ्यावर आल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी केली. उजवीकडचा रस्ता त्यांच्या गावाकडं जातो. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न दिला. मी गाडी डावीकडं वळवली आणि लातूरला निघालो.